मेघाला मागे घ्या

टॉकीजच्या मॅनेजरचा मेसेज सकाळी साडेदहाला आला, आणि खरं सांगायचं तर त्यात मनाला लावून घेण्यासारखं काहीच नव्हतं. 'ताई, शुक्रवारच्या पिक्चरची फाइल पाठवली आहे. वायुजितला मोठा करा, मेघाला मागे घ्या. दहा बाय वीसचा एक.' एवढंच. फुलसिंग मॅनेजर भला माणूस, टॉकीजचे सगळे फ्लेक्स गेली आठ वर्षं ममताकडूनच करून घेणारा. आणि कुणाला मोठं करायचं, कुणाला मागे घ्यायचं, हेच तर ममताचं रोजचं काम. शहाद्यातला जवळपास प्रत्येक वाढदिवस तिच्या हाताखालून जायचा. वर गोलात नेत्यांची डोकी, मध्ये गॉगल लावलेला वाढदिवसाचा धनी, खाली शुभेच्छुकांची रांग. कुणाचं डोकं कुणापेक्षा बोटभर मोठं झालं तर दोन गल्ल्यांचं बोलणं बंद व्हायचं आणि दोन्ही गल्ल्यांचे फोन ममताला यायचे. कोण कुणाच्या शेजारी चालतो, कोण कुणाच्या खाली चालत नाही, हे तिला तहसीलदारापेक्षा जास्त माहीत होतं. पण त्या सकाळी तिने मेघाचा चेहरा माऊसने धरला, लहान केला, वायुजितच्या खांद्यामागे सरकवला, आणि तिचा हात थांबला. खांद्याच्या वर मेघाचं अर्धं कपाळ आणि एक डोळा उरला होता. आपण कुणाचं तरी तोंड दाबून धरलंय असं ममताला वाटलं. तिने माऊस सोडून दिला आणि पदराला हात पुसला.

"काय व्हयनं?" मागून हेमकांतने विचारलं. हेमकांत तिचा नवरा. छपाईचं मशीन त्याच्याकडे, कॉम्प्युटर तिच्याकडे, ही वाटणी दुकान टाकलं तेव्हापासूनची. तो म्हसावदच्या शेतकरी घरातला, आधीच बोलण्याचा कंजूष, आणि गेल्या अकरा महिन्यांत तर कामापुरतं बोलणंही त्याला जड जायचं. "काही नही," ती म्हणाली, आणि जुनी फाइल शोधायला लागली. चार वर्षांपूर्वी ह्याच पिक्चरचा पहिला भाग लागला होता, नुसता 'वायुजित' नावाचा. तो वाऱ्यावर उडणारा आणि ही मेघा, ढग हलवणारी. तेव्हाचा फ्लेक्स उघडला तर दोघं शेजारी-शेजारी उभे, खांद्याला खांदा, डोक्याला डोकं. पण ते तसं टॉकीजने सांगितलेलं नव्हतं, हे ममताला पडद्याकडे बघता बघता आठवलं. आलेल्या फाइलमध्ये तेव्हाही तोच मोठा होता. तेव्हा तेरा वर्षांची असलेली त्यांची मुलगी कामिनी शाळेतून आली, दप्तर टाकलं, स्टुलावर चढून बसली आणि म्हणाली, "मम्मी, दोन्हीसनं डोकं सारखं ठेव ना." ममता म्हणाली, टॉकीजवाले बोंबलतील. "कोणी नही दखत," कामिनी म्हणाली, आणि कंपासमधली पट्टी काढून कॉम्प्युटरच्या काचेवर लावून तिने दोघांची डोकी मोजली. एक सूत कमी निघालं तर तेवढंही वाढवायला लावलं. खरंच कुणी बघितलं नाही. पिक्चर तीन आठवडे चालला, फ्लेक्स उन्हाने पांढरा पडला, आणि येता-जाता कामिनी त्याच्याकडे बघून अशी हसायची, जणू शहाद्यातली एक गोष्ट तरी तिने सरळ करून ठेवली होती.

कामिनी त्यांची एकुलती एक. मुलगी झाली, अंडेर, म्हणून म्हसावदला सासूने पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं होतं, आणि नंतर तिच्यावाचून सासूचा घास उतरत नव्हता. आठवीत असताना तिला दुकानाच्या तीन पायऱ्या चढून दम लागायला लागला. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं; लहानपणी सांधे दुखून ताप आला होता, त्याचं हे मागाहून आलेलं. मग खेळणं बंद, सायकल बंद, आणि शाळा सुटल्यापासून दुकान मिटेपर्यंत कामिनी त्या स्टुलावर. मशीन घरघरायचं, रंगाचा उग्र वास सुटायचा, बाहेरून केळीचे ट्रक जायचे, आणि कामिनी बोलत असायची. दुसऱ्या भागाचं नाव जाहीर झालं त्या दिवशी ती पायऱ्यांवरूनच सांगत आली होती, धापा टाकत, "मम्मी, 'वायुजित और मेघा'. आते नावमाबी ती शे." ममताने डोळे मोठे केले होते, पायऱ्या धावत चढली म्हणून. नावाबद्दल आपण काय बोललो होतो, ते मात्र तिला आठवत नव्हतं. त्या दिवसापासून कामिनीने आपला स्वतःचा दुसरा भाग सुरू केला. पिक्चरवाले काय दाखवतील ते दाखवतील, खरी गोष्ट मी सांगते, असा तिचा एकंदर आव. रोज थोडी थोडी. मेघा इथे गेली, मेघाला हे कळलं, मेघा असं म्हणाली. वायुजितही असायचा, पण त्याला कामं सांगितलेली असायची.

आणि ममता फोटो कापत असायची. माणसाला त्याच्या मागच्या भिंतीतून, झाडातून, मोटारसायकलीतून कापून काढायचं हे काम बघायला सोपं. चेहरा निघतो, कपडे निघतात. केस निघत नाहीत. केसांच्या कडेने माऊस नेताना श्वाससुद्धा धरावा लागतो, आणि मान वर केली की गेलं. म्हणून ममता मान वर करायची नाही. कामिनी बोलायची, ममता हं म्हणायची. पंचवीस वर्षांच्या कुठल्या तरी तरुण तडफदार नेतृत्वाच्या कानामागचे केस कापता कापता ती हं म्हणायची, आणि कामिनी पुढे जायची. ममताला आता त्यातलं काय आठवत होतं? एक, मेघा कुठल्या तरी नदीत गळ्यापर्यंत उभी असते. दुसरं, एक म्हातारी तिला काहीतरी विचारते. तिसरं, एक कुलूप होतं, की दार होतं. बस. वर्षभराची गोष्ट, आणि तिच्याकडे राहिलेले तीन तुकडे, तेही एकमेकांना न लागणारे. त्याच वर्षातले वाढदिवस मात्र तिला सगळे आठवत होते, नेत्यांच्या क्रमासकट. याची तिला इतकी लाज वाटायची की ती ते हेमकांतलाही सांगू शकली नव्हती. पोरीचे कपडे होते, पुस्तकं होती, फोनमध्ये फोटो होते. पोरगी स्वतः जे बोलली ते कुठेच नव्हतं. ते जिथे असायला हवं होतं तिथे ममताने दुसऱ्यांची डोकी भरून ठेवली होती.

तिने मेघाला मागे घेतलं. जसं सांगितलं तसं, अर्धं कपाळ, एक डोळा. पट्टी लावायला आता कुणी नव्हतं, आणि फुलसिंगला उत्तर द्यायचं बळ तिच्यात नव्हतं. पण शुक्रवारी सकाळी तिने हेमकांतला सांगितलं, "मी पिच्चर दखाले जास." तो शाईच्या बाटल्या बदलत होता. "एकलीच?" त्याने विचारलं. "हां." त्याने हातातल्या बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. मग म्हणाला, "जाय." आणि ती पायऱ्या उतरल्यावर मागून त्याने हाक मारून पाण्याची बाटली नेऊन दिली, जशी तो कामिनीला द्यायचा. दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. ती का चाललीय याबद्दल त्याला काय वाटलं कोण जाणे. तिचं स्वतःचं कारण अगदी साधं होतं, आणि वेडं होतं. तिला वाटत होतं की पिक्चरवाल्यांनी आणि कामिनीने एकाच मेघाचं पुढचं सांगितलेलं आहे, तर कुठेतरी दोन्ही गोष्टी एकमेकींना चाटून जातील. पडद्यावर नदी येईल, किंवा एखादी म्हातारी येईल, आणि तिथून कामिनीचं सगळं सुटत येईल. एकदा सुटलं की ती घरी जाऊन लिहून काढणार होती. त्यासाठी वहीसुद्धा आणून ठेवली होती.

बाराच्या खेळाला गर्दी बरी होती, बहुतेक कॉलेजची पोरं, काही बायका लेकरांना घेऊन. मेघा पहिल्या दहा मिनिटांत आली. निळ्या कपड्यात, केस मोकळे, आणि ममताच्या मनात आधी हेच आलं की हे केस कापायला दीड तास लागेल. मग मेघाने एक लढाई केली, पुलावर, एकटीने. काय लढाई होती ती. ढग खाली ओढून तिने अख्खा पूल झाकला, आणि धुक्यातून एकेक गाडी अलगद उचलून काठावर ठेवली, आत बसलेल्या लेकरांची झोपसुद्धा मोडली नाही. टॉकीजात शिट्ट्या पडल्या. ममताने पिशवी पोटाशी घट्ट धरली. तिला वाटलं, झालं, आता पोरीच्या मनासारखं होणार. पण पूल संपला आणि मेघाला पकडून नेलं. एका काचेच्या खोलीत ठेवलं, आणि पुढचा दीड तास ती तिथे होती. वायुजित तिला शोधत होता. वायुजितला तिची आठवण येत होती, त्या आठवणीत एक गाणं होतं, त्यात ती हसत होती. वायुजितच्या बापाचं आणि त्याचं काहीतरी जुनं होतं, ते मिटलं. काचेच्या खोलीत मेघा दर वीस मिनिटांनी डोळे उघडून त्याचं नाव घ्यायची. ममता वाट बघत राहिली. तिचं काय चाललंय आत, तिला भीती वाटते का, तिला कुणाचा राग येतो का, तिला आई आहे का, हे कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत राहिली. शेवटी तो आला, काच फुटली, आणि मेघाने त्याच्या छातीवर हात ठेवून आपली सगळी ताकद त्याला देऊन टाकली आणि ती मेली. तो रडला. मागे कुणीतरी पोरगा म्हणाला, "आते दखजो, आते खरी मज्जा." आणि तो ढगांसकट उडाला.

दिवे लागले तरी ममता बसून होती. नदी आली नव्हती. म्हातारी आली नव्हती. दार होतं, पण ते काचेचं होतं आणि ते त्याने फोडलं. ती रागावली नव्हती. रागवायचं काम कामिनीचं होतं. ती आपली हिशेबी बाईसारखी आठवून बघत होती की मेघाला काय काय मिळालं. नावात जागा मिळाली. चांगले कपडे, चांगला उजेड, एक गाणं, एक पूल. ती मेली तेव्हा सगळे चुकचुकले, शेजारची बाई तर डोळे पुसत होती. कमी काही दिलं नव्हतं. गोष्ट तेवढी दिली नव्हती. ममता बाहेर आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि दरवाज्यावर तिने स्वतः केलेला फ्लेक्स वाऱ्याने फडफडत होता. मान वर न करता ती त्याच्याखालून निघाली.

चौकात आल्यावर तिला रस्ता ओलांडता येईना. गाड्या नव्हत्या, पाय उचलत नव्हता. ह्याच चौकात, विजेच्या खांबाला, अकरा महिन्यांपूर्वी दुसरा एक फ्लेक्स लागला होता. सुरतेच्या दवाखान्यात दुसऱ्यांदा नेलेली कामिनी परत आणली तेव्हा बोलत नव्हती. प्रकाशा गावाला तापीच्या काठी सगळं झालं, घरी माणसं भरली, आणि चुलतसासरे म्हणाले की चौकात फ्लेक्स लागला पाहिजे, समाजात रीत आहे. हेमकांतला उठवत नव्हतं. शहाद्यात दुसरे फ्लेक्सवाले होते, त्यांच्याकडे जाता आलं असतं. पण ममता उठली, दुकान उघडलं आणि कॉम्प्युटरपाशी बसली, कारण पोरीचे केस दुसऱ्या कुणी कापलेले तिला चालणार नव्हते. बटेबटेने कापले तिने. अडीच तास लागले. कै. कु. कामिनी हेमकांत पाटील. मग खाली शोकाकुल, आणि तिथे हात आपोआप चालला, जसा हजार वेळा चालला होता: आजोबा, चुलत आजोबा, वडील, काका, भाऊ, समस्त पाटील परिवार, म्हसावद. तिसऱ्या दिवशी ह्याच चौकातून जाताना तिने वर बघितलं आणि तिला कळलं की शोक करणाऱ्यांत आपण नाही. कुणी गाळलं नव्हतं तिला. तिचंच दुकान, तिचाच हात. बायकांची नावं शोकाकुलमध्ये घालत नाहीत, हे त्या हाताला इतकं पाठ होतं की त्याने तिलाही विचारलं नाही. तिने ते कुणाला बोलून दाखवलं नाही, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. तेराव्याला हेमकांतनेच फ्लेक्स उतरवला, घडी घातली, आणि तो कुठे ठेवला हे तिने विचारलं नाही.

रविवारी दुपारी आयुषी आली. कामिनीची मैत्रीण, पहिलीपासूनची. कापडबाजारातल्या केवलचंद शेठजींची नात. घरात मारवाडी बोलायची, कॉलेजात मराठी, आणि ममताकडे आली की कामिनीने शिकवलेली अहिराणी. आता नंदुरबारला शिकत होती, रविवारी घरी यायची, पण दुकानाच्या पायऱ्या मात्र अकरा महिन्यांत चढली नव्हती. रस्त्यात दिसली तर खाली बघून जायची. आज ती चढली, स्टुलाकडे बघितलं, आणि उभीच राहिली. "बठ," ममता म्हणाली. "तेवर बठ." आयुषी स्टुलाच्या कडेवर बसली.

"काकू, पिच्चर दखा का तुम्ही?"

"दखा."

"कामिनी ऱ्हाती तं टॉकीज डोक्यावर लेती." आयुषीचा आवाज चढला, आणि मग रागाच्या आडून ती भडाभडा बोलायला लागली. नाव तिचं, आणि सगळा पिक्चर तिला काचेत. "मन्हा भाऊ नमन सांगस, तिनी जीव दिन्हा म्हणीसन त्याले ताकद मिळनी, हाई किती मोठी गोष्ट शे. मी सांगं, इतली मोठी शे तं तोच मरता ना." हेमकांतने मशीन बंद केलं. घरघर थांबली तशी आयुषी ओशाळली आणि हळू बोलायला लागली. "काकू, मी कसाले उनू, सांगू का? माले कामिनीना भाग दोन आयकना शे. माले तिनी कधी पुरा सांगा नही. मी इचारं का सांगे, मम्मीले इचार. मी नि मम्मीनी मिळीसन बनाडेल शे."

ममताच्या हातातला माऊस तिथेच राहिला. मिळून. तिला वाटलं आयुषीचं काहीतरी चुकतंय, आणि मग वाटलं की आता खरं सांगून मोकळं व्हावं. की पोरी, मी ऐकलंच नाही. ती बोलत होती आणि मी कुणाचे तरी केस कापत होते. एवढं एकदा कुणाला तरी सांगितलं असतं तर छातीवरचा धोंडा थोडा सरकला असता. तिने तोंड उघडलं. हेमकांत मशीनपाशी पाठमोरा उभा होता, पण त्याची मान वळलेली होती.

"शेवट तं तुम्हीच सांगेल शे ना," आयुषी म्हणाली.

"शेवट?" ममताने विचारलं. "काय सांगं मी?"

"कामिनी मेघाले मारनार व्हती. सुरतथीन पहिल्यांदा उनी ना, तैनपासून ती सांगे, शेवटले मेघा मरस. मी तिनासंगे भांडनू बी. मंग एक दिन फोन करीसन सांगे, मम्मी नको सांगस. मम्मी सांगस, तिले मारू नको. तिले म्हातारी होऊ दे." आयुषीने नाक ओढलं. "सांगे, मम्मीनं आयकनं पडस, मम्मीबी अर्धी मालक शे गोष्टनी."

ममताने हे कधीच म्हटलं नव्हतं. तिला तीनच तुकडे आठवत होते, पण एवढं तिला नक्की माहीत होतं. असं काही म्हणायला मान वर करावी लागली असती. सुरतेच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, ते पोरीला कळलेलं नाही असं आईबापांना वाटत होतं. तिला सगळं कळलं होतं. रोज त्या स्टुलावर बसून ती आईला सांगत होती की मेघा शेवटी मरते, आणि वाट बघत होती. आईने मारू नको म्हणावं म्हणून किती दिवस वाट बघितली असेल, आणि ते येत नाही असं बघून एक दिवस तिने आईचं म्हणणंही स्वतःच म्हणून घेतलं, आणि मैत्रिणीपाशी ते आईच्या नावावर लावून दिलं. हेमकांत खाली बसला होता, मशीनच्या पायाशी, दोन्ही हातांत तोंड धरून, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या रडण्याचा आवाज येत होता.

"काकू?" आयुषी घाबरली. "तुम्हीच सांगं व्हतं ना?"

ममताने तिच्याकडे पूर्ण वळून बघितलं.

"हां," ती म्हणाली. "मीच सांगं व्हतं."